जात्यावरची ओवी आणि बोलणारे यंत्र

(एका प्रौढ साक्षरता वर्गापुढे निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



यंत्राला गाणे करता येते काय? आजचा आपला विषय हा आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, हा काय प्रश्न झाला! येते की. घरातल्या पोराच्या मोबाईलला सांगितले, आजीवर ओवी कर, तर तो करतो. आईवर कर म्हटले तर आईवर करतो. बैलावर कर म्हटले तर बैलावर करतो. चुलीवरचा चहा उतरेपर्यंत दहा ओव्या तयार! वर पुन्हा तोच विचारतो, की आणखी करू का?

तेव्हा यंत्राला गाणे जुळवता येते, हे आधीच कबूल करून टाकू. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माणसाच्या गाण्यात जी कळ असते, ती यंत्राच्या गाण्यात असते का? नसेल, तर ऐकणाऱ्याला ते कळते का? आणि ऐकणाऱ्याला कळतच नसेल, तर मग बिघडले कोठे?

हे प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना पडलेले आहेत. पण त्यांची उकल करायला आपल्याला मुंबई-पुण्याला जाण्याचे कारण नाही. गाणे आणि यंत्र यांची गाठ आपल्या बीड जिल्ह्यात एकदा पूर्वीच पडून गेली आहे. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या बायांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. फक्त तेव्हा कोणी त्यावर भाषण केले नाही.

मी म्हणतो ते जाते आणि पिठाची गिरणी.

जाते आपल्याकडे घरोघर होते. खाली एक दगड, वर एक दगड, वरच्याला लाकडी खुंटा. कोंबडा आरवायच्या आधी बाया उठत. दोघी समोरासमोर पाय पसरून बसत. एकीने ज्वारीचा घास तोंडात टाकायचा, दोघींनी मिळून ओढायचे. एकीने ओवी उचलायची, दुसरीने ती पुढे न्यायची. असे तासन् तास. माझ्या लहानपणी मी त्याच आवाजात झोपत असे आणि त्याच आवाजात जागा होत असे. त्या वेळी ते गाणे आहे, असेदेखील मला वाटत नसे. पाऊस पडावा, तसे ते होते.

ही ओवी किती जुनी असेल? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो सन ११२९ चा. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी झाली सन १२९० मध्ये. म्हणजे ज्ञानोबा माउलींनी ओवी लिहिली, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी बाया ती गात होत्या. विद्वानांनी ओवी बायांना शिकवली नाही, बरे का! बायांची ओवी विद्वानांनी उचलली. परळीहून रेल्वेत बसले की गंगाखेड लागते. ते संत जनाबाईचे गाव. तिच्याबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसे, अशी कथा आहे. राजवाड्यात बसला असे नाही, जात्यावर बसला. आपल्या लोकांनी देवाला बसवायला जागा कोणती निवडली, ते पाहा.

बाया त्या ओव्यांतून सांगत काय? माहेर, भाऊ, पंढरीची वाट, गरोदरपण, मेलेले लेकरू, सासूचा जाच, नवऱ्याचा मार. दिवसा ज्या सुनेला मान वर करून बोलायची मुभा नव्हती, ती पहाटे अंधारात जात्याला सगळे सांगे. घरघर चालू असे, म्हणून अर्धे शब्द आतल्या खोलीत पोचत नसत. पोचले, तरी ते ‘गाणे’ होते. गाण्याबद्दल सुनेला रागे भरता येत नाही. ओवी म्हणजे नुसती करमणूक नव्हती. तेवढी एक खिडकी त्या बाईला उघडी होती.

मग गिरणी आली. आधी इंजिनाची, नंतर विजेची. पायली अर्ध्या घंट्यात दळून मिळू लागली. बायांचे तळहात सुटले. हातांवरचे घट्टे गेले. हे फार चांगले झाले. ‘पूर्वीचे जाते बरे होते, त्याने व्यायाम होई’ असे म्हणणारे पुरुष मला अधूनमधून भेटतात. त्यांतला एकही कधी जात्यावर बसलेला नसतो.

पण गिरणीने पीठ केले, ओवी केली नाही. काम गेले, त्याबरोबर गाणेही गेले. आता लग्नात हळद दळायची म्हणून जाते काढतात, पाच सुवासिनी हात लावतात, एखादी म्हातारी दोन ओव्या म्हणते, बाकीच्या तोंडाकडे पाहतात. इतकेच उरले.

आता गंमत पाहा. पहिल्या यंत्राने बाईच्या हातातले दळण घेतले आणि गाणे वाऱ्यावर सोडून दिले. साठ वर्षांनी दुसरे यंत्र आले, आणि ते म्हणते, दळण नको, मला गाणेच द्या, मी गाऊन दाखवतो.

हे दुसरे यंत्र चालते कसे, ते थोडे समजून घेऊ. त्याला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणतात. पोरे ‘एआय’ म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी नावाचे असे एक साधन लोकांना खुले झाले. तेव्हापासून त्याचा बोलबाला आहे. आपल्या वाचनपाठात ‘गाळलेल्या जागा भरा’ असा प्रश्न असतो ना? ‘शेतकरी शेतात ____ पेरतो.’ तुम्ही ‘ज्वारी’ लिहिता. ‘खुर्ची’ लिहीत नाही. का? तुम्ही आयुष्यभर बोलणे ऐकले आहे. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो, हे तुमच्या अंगवळणी पडले आहे. यंत्राचेही तसेच. माणसांनी लिहिलेले अफाट लिखाण त्याला पुरवले. पुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रे, कविता. त्यातून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे कोट्यवधी आकडे त्याने जमवले. मग ते एकामागून एक गाळलेल्या जागा भरत जाते. एक शब्द बसवला की पुढचा. अशी ओवी तयार होते.

त्याला भाऊ नाही. त्याला माहेर नाही. त्याला भूक लागत नाही आणि त्याचे कोणी मरत नाही. त्याला आतून काही वाटते, असे दाखवून देणारा पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही.

इथे घाईचा माणूस म्हणेल, झाले! यंत्र नक्कल करते, माणूस मनातले गातो. प्रश्न सुटला. भाषण संपले.

इतके सोपे ते नाही. आपल्या बायादेखील तयार ओव्याच पुष्कळ म्हणत. आईकडून घेतलेली ओवी, नणंदेकडून घेतलेली ओवी, बाजारात ऐकलेली ओवी. पहिली ओळ जुनी, दुसरीत आपल्या गावाचे नाव घातले की झाली नवी. ‘बंधू’ म्हटले की पुढे काय यायचे, ते ठरलेले. ‘पंढरी’ म्हटले की काय यायचे, तेही ठरलेले. म्हणजे बायाही गाळलेल्या जागाच भरत होत्या म्हणा! मग फरक कोठे पडला?

फरक मला माजलगावात सापडतो.

हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ नावाचे दोन अभ्यासक पुण्याला होते. गी पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेले. त्यांनी खेड्यांतल्या कार्यकर्त्या बायांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. वर्षानुवर्षे हे काम चालले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया आणि एक लाखाहून अधिक ओव्या! बर्नार्ड बेल नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने पुष्कळ ओव्या बायांच्या आवाजातच ध्वनिमुद्रित केल्या. आता ते भांडार ‘परी’ या संस्थेने लोकांसाठी खुले ठेवले आहे. मोबाईलवर ऐकता येते. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यात दिलेले आहे. या लोकांनी हा ठेवा नुसता ‘लोकगीत’ म्हणून गाठोड्यात बांधला नाही. ज्या बाईचे गाणे, तिच्या नावावर लावले. मला त्याचे फार मोल वाटते.

तर १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांच्या ओव्या अशाच ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या आहेत. आता विचार करा. ओवीचा साचा शेकडो वर्षांचा. त्यात विठ्ठल बसलेला, भाऊ बसलेला, राम बसलेला. सन १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धर्मांतर केले. लाखो माणसांचे जगणे बदलले. आणि मराठवाड्यातल्या एका वस्तीत, दगडी जात्याच्या चालीवर, बायांनी त्या जुन्या साच्यात नवे नाव बसवले. हे त्यांना कोणी सांगितले? मागच्या सगळ्या ओव्यांचा हिशोब मांडून जागा भरली असती, तर तेथे पुन्हा पंढरीचाच देव आला असता. मागच्या आकड्यांत जे नव्हते, ते त्या बाईने तेथे बसवले. कारण तिच्या दारात काही घडले होते. तिचे पोर शाळेत जाऊ लागले होते. पाणवठ्यावरचा जुना जाच तिला ठाऊक होता.

साचा जुनाच. जागा तीच. पण जागा भरणारीला काही सांगायचे होते. हा फरक.

आता कोणी म्हणेल, आज यंत्राला बाबासाहेबांवर ओवी कर म्हटले तर तेही करील. करील ना! कारण बायांनी ती आधी केली आहे. वाट पडल्यावर कोणीही चालतो.

तरी हेही तुमच्यापासून झाकून ठेवणार नाही, की ऐकणारा फसतो. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २०२४ साली एक प्रयोग छापला. नामांकित इंग्रज-अमेरिकन कवींच्या कविता आणि त्यांच्या धर्तीवर यंत्राने केलेल्या कविता, दोन्ही साध्या वाचकांपुढे ठेवल्या. वाचकांना फरक ओळखता आला नाही. उलट यंत्राच्याच कविता त्यांना जास्त आवडल्या. का? त्या सरळ होत्या, चटकन कळत होत्या. परंतु त्याच प्रयोगात दुसरीही गोष्ट दिसली. ही कविता यंत्राची आहे, असे आधी सांगितले, की लोक तिला कमी गुण देत. म्हणजे माणसाला नुसते गोड शब्द नको असतात. ते कोणी म्हटले, हेही हवे असते.

आपल्याकडचाच एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही. एका ऊसतोड कामगार बाईची तेरवी होती. नातू शहरात शिकणारा, हुशार, आजीवर जीव असलेला. त्याने मोबाईलकडून आजीवर ओव्या करवून घेतल्या, आणि मोबाईलनेच त्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवल्या. मांडवात सगळे गप्प झाले. बायांनी डोळ्यांना पदर लावले. माझेही डोळे भरून आले, खोटे कशाला बोलू? मग म्हातारीची धाकटी बहीण, पंचाहत्तरीची, तिने नातवाला जवळ बोलावले.

“ह्ये कोन म्हन्लं रे?”

“मोबाईलनं, आजी.”

“त्याला ठावं हाय का, ती गेल्याली?”

पोराला उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही. त्या अडाणी बाईने एका वाक्यात जे विचारले, ते मला कोणत्या पुस्तकात सापडले नसते.

मग मी त्या ओव्या पुन्हा नीट ऐकल्या. त्यांत अंगणातले तुळशीवृंदावन होते, नदीचे पाणी होते, चंदनाचा पाट होता, चांदण्यात न्हालेला वाडा होता. ती म्हातारी कशात राहिली? दसरा-दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतली, की बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याच्या हद्दीत जायचे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत सहा महिने कोपीत काढायचे. पहाटे तीनला फडात. नवरा तोडणार, ही मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार. अशी तीस वर्षे. वृंदावन तिने बांधायचे कोठे? यंत्राने ‘आजी’ हा शब्द घेतला आणि आजीशेजारी नेहमी जे शब्द बसतात, ते बसवले. ती कोणाची तरी आजी होती. हिची नव्हती.

नातू समजदार निघाला. त्याने मोबाईलला दुसऱ्यांदा सांगितले. आजी कोयत्यावर जायची. तिच्या डाव्या हाताचे बोट कोयत्याने अर्धे गेले होते. वाढे विकून आलेले पैसे ती लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवी आणि त्यातून माझी फी भरे. हे घालून यंत्राने पुन्हा ओव्या केल्या. त्या चांगल्या झाल्या. मी मास्तर माणूस, मार्क द्यायची सवय! दहापैकी सात दिले असते.

पण ते सात मार्क कोणाचे? बोट कोणी आठवले? लुगड्याची गाठ कोणी आठवली? नातवाने. ओवीत जे जे खरे होते, ते त्याच्या तोंडून गेले होते. यंत्राने त्याला यमक लावून दिले. मला तर वाटते, त्याने मोबाईलला जे साध्या बोलीत सांगितले, तेच मांडवात उभे राहून सांगितले असते, तर त्या धाकट्या बहिणीने प्रश्न विचारला नसता. पण पोराला लाज वाटली. आपल्याला नीट बोलता येत नाही, यंत्राला येते, असे त्याला वाटले. या सगळ्या प्रकरणात मला काळजी वाटते ती याची. यंत्र रडते की नाही, याची मला फिकीर नाही. आपली माणसे आपल्या तोंडाला कमी लेखू लागतील, ही फिकीर आहे.

यावरून मला पत्रे आठवतात. १९८० च्या सुमाराला मी नोकरीला लागलो. खेड्यात लिहिता येणारे थोडे. शाळा सुटली की बाया पोस्टकार्ड घेऊन येत. कोणाचा नवरा भिवंडीला हमालीला, कोणाचा मुलगा पलटणीत. पत्राचा साचा ठरलेला. ‘येथील सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. पत्रास कारण की...’ हे मी न विचारताच लिहून टाकी. त्या साच्यात कोणाचेही दुःख बसे आणि कोणाचेच दिसत नसे. एक बाई मात्र मला थांबवी. “आसं नगं गुर्जी. मी सांगते तसंच लिव्हा. काळी शेळी याली म्हनावं, दोन पाटी झाल्या. धाकटं लेकरू दाराकडं बघून बा बा म्हनतंय.” मी म्हणे, बाई, कार्डावर जागा थोडी आहे. ती म्हणे, मग ते खुशालीचं खोडा. नवरा गावी आला तेव्हा मला म्हणाला, गुर्जी, अक्षर तुमचं व्हतं, पर बोलत ती व्हती.

आजचे यंत्र हे त्या पत्र लिहून देणाऱ्या मास्तरासारखे आहे. अक्षर सुंदर, साचा पाठ, थकवा नाही, पैसे मागत नाही. उपयोगाचे आहे, नाही कोण म्हणतो? पण त्या बाईला माझ्याकडून पत्र लिहून घेताना एक अडचण होती. नवऱ्याला जे खरे सांगायचे, ते परक्या पुरुषासमोर सांगता येत नसे. अर्धे पोटातच राही. म्हणून तर तुम्ही या वयात, दिवसभर खुरपून, रात्री पाटी घेऊन इथे बसता. आपले पत्र आपण लिहायचे म्हणून.

एक शंका आणखी आहे, आणि ती खरी शंका आहे. कलावंत तरी नेहमी स्वतःचेच दुःख गातो का? गोदावरीच्या पलीकडे पैठणला एकनाथ महाराज होऊन गेले. त्यांची भारुडे तुम्ही ऐकली आहेत. कधी ते जोशी होऊन बोलतात, कधी वासुदेव, कधी गोंधळी, कधी महार. नाथ महार नव्हते. दुसऱ्याचे तोंड त्यांनी उसने घेतले. सिनेमात पडद्यावर रडते एक, गाते दुसरी, शब्द लिहिलेले असतात तिसऱ्याचे. मग यंत्राने उसने तोंड घेतले, तर त्यालाच दोष का द्यायचा?

माझे उत्तर असे. नाथांनी तोंड उसने घेतले, पण किंमत आपल्या घरातून मोजली. ते महाराच्या घरी जेवले, म्हणून पैठणच्या ब्राह्मणांचा रोष त्यांनी ओढवून घेतला, असे परंपरा सांगते. भारुडात जे बोलले, त्याचा जाब द्यायला नाथ जागेवर होते. सिनेमातली गायिका दुसरीचे दुःख गाते, तेव्हा आपले श्वास खर्च करते. चुकले तर तिचे नाव जाते. यंत्राला जाब विचारता येत नाही. त्याने आज आजीचे गुणगान केले, उद्या त्याच आजीला शिव्या देणारी ओवी कर म्हटले, तर त्यालाही त्याची ना नसावी, फार तर ज्यांनी ते बनवले त्यांनी तशी मनाई घातलेली असेल. त्याचे काही पणाला लागत नाही. नाटकी रडणे आणि खरे रडणे यांत फार अंतर नसते, हे कोणताही तमासगीर सांगेल. पण तमासगिराला घर असते, पोट असते, आणि उद्या पुन्हा त्याच लोकांपुढे उभे राहायचे असते.

आता आवाजाचे सांगतो. हे यंत्र नुसते शब्द जुळवत नाही. कोणाचाही आवाज ऐकून तोच आवाज काढते. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करून देणारी साधने निघाली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की परवानगीवाचून असे करता येणार नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आशाताई भोसल्यांनाही त्याच न्यायालयाने तसेच संरक्षण दिले. वयाची नव्वदी ओलांडल्यावर आपल्याच आवाजासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली! दुसरीही बाजू आहे. संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचा आवाज यंत्राने वापरला. पण त्यांच्या घरच्यांना विचारून, आणि मोबदला देऊन. विचारून घेतले तर ते देणे-घेणे आहे. न विचारता घेतले तर त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, ते तुम्हांला माहीत आहे.

मोठ्या गायकांना वकील आहेत. माजलगावच्या, गेवराईच्या, पाटोद्याच्या बाईचा आवाज कोणी उचलला, तर तिने कोठे जावे? कायदा तिच्यासाठी नाही असे नाही. गाणाऱ्याचा स्वतःच्या गाण्यावर हक्क आपल्या कायद्याने १९९४ पासून मानला आहे. पण हक्क मागायला आधी आपले गाणे आपले म्हणून कोठेतरी नोंदलेले हवे. तोंडी असलेले कोणाचेही होते.

बहिणाबाई चौधरींचे तुम्ही ऐकले आहे. जळगावकडच्या शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने ती कागदावर उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली पुस्तक निघाले, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, आणि महाराष्ट्र चकित झाला. तो कागद नसता तर? आपल्या जिल्ह्यात अशा किती बहिणाबाई कागदावाचून गेल्या असतील, ते कोण मोजणार? यंत्राला त्या ठाऊक नाहीत. यंत्राला फक्त लिहिलेले, छापलेले, नोंदलेले ठाऊक असते. म्हणून तर त्याने आपल्या म्हातारीच्या अंगणात वृंदावन आणून ठेवले.

माझी धास्ती एवढीच आहे. यंत्राच्या ओव्या आता भराभर निघतील. दासोपंतांनी अंबाजोगाईला बसून ‘गीतार्णव’ लिहिला, त्याच्या सव्वा लाख ओव्या सांगतात. कापडाच्या पासोडीवरही त्यांनी लिहिले. ती पासोडी अंबाजोगाईत जपून ठेवली आहे. तेवढ्या ओव्या यंत्र थोडक्या वेळात पाडून मोकळे होईल. त्या ढिगाऱ्यात तुमच्या आईची ओवी पडली, तर वीस वर्षांनी तुमच्या नातीला ती वेचून कशी काढता येणार? दोन्हींत भाऊ असेल, दोन्हींत माहेर असेल. कोणती खरी, हे शब्दांवरून कळणार नाही. कोणी म्हटली, कोठे म्हटली, कशासाठी म्हटली, हे लिहिलेले असले तरच कळेल.

म्हणून वर्गापुढे एक काम ठेवतो. पुढच्या शनिवारी प्रत्येकीने एक ओवी आणायची. स्वतःची असो, आईची असो, सासूची असो. चार ओळींची एक नोंद करायची, आपल्याच अक्षरात, वेडेवाकडे आले तरी चालेल. वर ओवी. खाली म्हणणारीचे नाव. मग गाव. मग ती कशावर म्हणत होती, जात्यावर, खुरपताना, कोपीत की पाळण्याशी. कोणाच्या आठवणीने म्हणत होती, तेही माहीत असेल तर लिहायचे. जिला अजून जोडाक्षरे जमत नाहीत, तिने मोबाईलमध्ये आवाज भरून आणावा. ते यंत्र याच कामाला फार चांगले आहे. त्यातून ऐकून, थांबवून, आपण एकेक शब्द पाटीवर उतरवू.

त्या नातवालाही मी वर्गात बोलावले आहे. त्याच्या ओव्या वहीत घ्यायच्या की नाही, यावर मागच्या खेपेस तुमच्यात बरेच भांडण झाले. मी निकाल दिलेला नाही. पण एक सुचवतो. घ्यायच्या असतील, तर म्हणणारीच्या जागी ‘मोबाईल’ लिहायचे, आणि आठवण कोणाची, तेथे पोराचे नाव. शेजारचे पान कोरे ठेवायचे. बोटाची आणि लुगड्याच्या गाठीची गोष्ट त्याने त्या पानावर स्वतः लिहावी. यमक नसले तरी चालेल. पेन मी देतो.